खतावणी बिघडली तरी कीर्द शाबूत असते: ऑनलाइन शीटमधली हरवलेली माहिती परत कशी आणायची

गणपतीला बारा दिवस उरले होते. रात्री पावणेदहाला फोन वाजला. आमच्या ढोल-ताशा पथकाची नोंदणी सांभाळणारी मुलगी होती. "ताई, शीटचा पार घोळ झालाय. ओळखपत्रांचं प्रूफ आलंय आणि सगळ्यांचे ब्लड ग्रुप चुकलेत. सकाळी छापायला द्यायचंय."

पुण्यात म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रातल्या सरावाच्या शेडमध्ये मी पोचले तेव्हा सराव संपला होता. ढोल एका बाजूला रचलेले होते, त्यातल्या एकावर लॅपटॉप ठेवलेला, भोवती पाच-सहा जण. पथकाच्या गुगल शीटमध्ये १८६ वादकांची माहिती होती: नाव, मोबाइल, ब्लड ग्रुप, घरच्यांचा नंबर, ढोल की ताशा की ध्वज, आणि पुढे सरावाच्या प्रत्येक दिवसासाठी हजेरीचा एकेक कॉलम. एकही चौकट रिकामी नव्हती. पण नाव एकाचं आणि त्यापुढची माहिती दुसऱ्याची, असं पार खालपर्यंत झालं होतं. मिरवणुकीत कुणाला चक्कर आली आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर भलताच ब्लड ग्रुप निघाला तर काय होईल, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

एकानं जुनी आवृत्ती उघडून ठेवलीच होती. 'रिस्टोअर धिस व्हर्जन' या बटणावर बाण नेऊन तो विचारत होता, "ताई, दाबू का?"

मी म्हटलं, थांब.

त्या रात्री पुढे काय केलं ते सांगतेच. पण आधी हे समजून घेऊ, की ऑनलाइन शीटमधून माहिती 'जाते' म्हणजे नेमकं काय होतं. एवढं एक कळलं की बाकीचे मेन्यू आपोआप सापडतात.

माझे वडील मार्केट यार्डात भुसार विभागातल्या एका आडतीवर दिवाणजी होते. तिथं दोन वह्या असायच्या. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. कीर्दीत व्यवहार जसे घडतील तसे, त्याच क्रमानं लिहायचे. खतावणीत तेच व्यवहार खात्यानुसार मांडायचे, म्हणजे अमुक व्यापाऱ्याकडे आज येणं किती हे एका नजरेत दिसतं. रोज सगळे बघायचे ती खतावणी. पण बाबांचा जीव कीर्दीत. कीर्दीत खाडाखोड चालायची नाही. चुकून पाचशे जास्त लिहिले गेले, तर ते खोडायचे नाहीत, खाली पाचशेची उलट नोंद करायची. एका पावसाळ्यात गोदामाच्या पत्र्यातून गळून खतावणीची पानं भिजली, शाई पसरली. बाबांनी रविवारपासून बसून कीर्दीवरून ती पुन्हा लिहून काढली. आठवडा गेला, पण एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही.

गुगल शीट असंच चालतं. स्क्रीनवर दिसतात त्या ओळी-कॉलम म्हणजे खतावणी. त्यामागे गुगलच्या सर्व्हरवर एक कीर्द चालू असते: अमक्यानं अमुक वाजता या चौकटीत हे लिहिलं, तमक्यानं ही ओळ काढली, तिसऱ्यानं हा कॉलम लावून घेतला. तुम्ही शंभर ओळी निवडून डिलीट दाबता तेव्हा या कीर्दीतलं काही पुसलं जात नाही. उलट तिच्यात एक नोंद वाढते, 'या शंभर ओळी काढल्या' अशी. तिच्या आधीच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी असतात. म्हणून कालच्या संध्याकाळी शीट कशी होती हे गुगल आज दाखवू शकतं.

अशी कीर्द ठेवणं भागच असतं, कारण एकाच शीटमध्ये दहा जण एकाच वेळी लिहीत असतात. समजा तुम्ही दहाव्या ओळीत वर्गणीचा आकडा टाकताय आणि त्याच क्षणी मी सर्वांत वर एक नवीन ओळ घातली. आता तुमची दहावी ओळ अकरावी झाली. तुमचा आकडा नव्या दहाव्या ओळीत पडला तर तो दुसऱ्याच माणसाच्या नावावर जाईल. म्हणून सर्व्हर दोघांच्या कृती एकामागे एक लावतो आणि तुमची कृती 'अकराव्या ओळीत लिही' अशी बदलून घेतो. या पद्धतीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी ती १९८९ साली मांडली, म्हणजे गुगलची ऑनलाइन शीट २००६ मध्ये आली त्याच्या कितीतरी आधी. प्रत्येक बदल सुटा सुटा नोंदला गेला तरच हे जमतं, आणि नोंदला गेलेला बदल उलटाही फिरवता येतो.

आता कीर्द उघडायच्या आधी एक तपासणी. 'सगळं गेलं' म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं तर काहीच गेलेलं नसतं. डावीकडचे ओळींचे आकडे नीट बघा. सातनंतर एकदम बारा आला, तर मधल्या ओळी लपलेल्या आहेत. कुणीतरी फिल्टर लावून तसाच ठेवलाय, किंवा ओळी 'हाइड' केल्यात. फिल्टर एकानं लावला की बाकीच्यांनाही तसंच दिसतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. कॉलमच्या अक्षरांमध्ये असाच खंड दिसतो का तेही बघा. खालची अख्खी टॅब दिसत नसेल तर डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर क्लिक करा. लपवलेल्या टॅबची नावं तिथं फिकट अक्षरात असतात. आणि आख्खी फाइलच सापडत नसेल तर वर उजवीकडे कुठलं खातं चालू आहे ते पाहा. ऑफिसचं, घरचं आणि कॉलेजचं अशी तीन खाती एकाच ब्राउझरमध्ये असली, की माणूस एका खात्यातली फाइल दुसऱ्या खात्यात तासभर शोधत बसतो.

हे सगळं बघून झालं आणि माहिती खरंच गेली असेल, तर बाकीच्यांना फोन करून शीट बंद ठेवायला सांगा. गोंधळ झाल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात जेवढं नुकसान होतं तेवढं मूळ चुकीनंही होत नाही. एक जण आठवून आठवून भरायला घेतो, दुसरा जुन्या एक्सेलमधून पेस्ट करतो, तिसरा रिस्टोअर दाबतो, आणि मग कुठली नोंद खरी हे कुणालाच सांगता येत नाही.

चूक आत्ताच, तुमच्याच हातून झाली असेल तर कंट्रोल-झेड. पण हे फक्त तुम्ही केलेले बदल मागे घेतं, दुसऱ्यानं केलेले घेत नाही. आणि ब्राउझरची ती टॅब बंद केली किंवा रिफ्रेश केली की ही सोय संपते. तेव्हा घाबरून टॅब बंद करू नका.

कीर्द उघडणे

'फाइल' मेन्यूत 'व्हर्जन हिस्टरी', त्यात 'सी व्हर्जन हिस्टरी'. किंवा कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एच एकत्र. हे काम कॉम्प्युटरवर बसूनच करा. फोनच्या लहान पडद्यावर घाईत केलेलं दुरुस्तीकाम निस्तरायला दुसरा दिवस लागतो. शीटमध्ये बदल करायचा अधिकार असलेल्यांनाच हा इतिहास दिसतो. फक्त बघायची परवानगी असेल तर तो पर्यायच मिळत नाही.

उजवीकडे तारखांची यादी येते. प्रत्येक तारखेखाली त्या वेळी बदल करणाऱ्यांची नावं, आणि प्रत्येकाला एक रंग. एखाद्या तारखेशेजारी छोटा बाण असेल तर तो उघडा, त्या दिवसातले बारीक टप्पे आत असतात. तारखेवर क्लिक केलं की डावीकडे शीट त्या वेळी होती तशी दिसते, आणि ज्यानं जिथं बदल केला त्या चौकटींवर त्याचा रंग चढलेला असतो. नुसतं बघण्यानं काहीही बिघडत नाही. हवं तितकं मागेपुढे फिरा.

पथकाच्या शीटमध्ये आम्ही मागे मागे गेलो. तीन दिवसांपूर्वी, दुपारी साडेतीनच्या आसपास, नावांचा पूर्ण कॉलम वरपासून खालपर्यंत एकाच रंगात रंगलेला दिसला. बाकी एकाही कॉलमला रंग नव्हता. म्हणजे काय झालं ते उघड होतं. टी-शर्टच्या यादीसाठी कुणाला तरी नावं अक्षरानुक्रमे हवी होती. त्यानं नावांचा तेवढाच कॉलम निवडला आणि 'डेटा' मेन्यूतून 'सॉर्ट रेंज' केलं. निवडलेला कॉलम लागला, शेजारचे जागेवरच राहिले. 'सॉर्ट शीट' निवडलं असतं तर पूर्ण ओळी एकत्र हलल्या असत्या. मेन्यूत हे दोन्ही पर्याय अगदी जवळजवळ आहेत. त्या मुलाचा हेतू चांगला होता आणि त्याला कुणी बोल लावला नाही.

आता रिस्टोअर दाबलं असतं तर शीट तीन दिवसांपूर्वीच्या दुपारी गेली असती. नावं जागेवर आली असती खरी. पण त्या तीन दिवसांत २४ नवे वादक नोंदवले गेले होते, तीन सरावांची हजेरी लागली होती. ते सगळं समोरून नाहीसं झालं असतं. कायमचं नव्हे, कारण रिस्टोअर हीसुद्धा कीर्दीतली एक नवी नोंदच असते. तिच्या आधीची आवृत्ती यादीत राहते आणि तिच्यावर पुन्हा जाता येतं. तेव्हा कुणी चुकून दाबलंच असेल तर घाबरू नका, परत यादी उघडा आणि रिस्टोअरच्या आधीची आवृत्ती घ्या. पण रात्री दहाला, थकलेल्या पाच जणांसमोर, तो हेलपाटा कशाला?

त्याऐवजी जुन्या आवृत्तीशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'मेक अ कॉपी' घ्यायची. तीन दिवसांपूर्वीची शीट एक वेगळी फाइल म्हणून हातात येते आणि आजची फाइल जशीच्या तशी राहते. सगळ्या दुरुस्तीत मला हाच पर्याय सर्वांत मोलाचा वाटतो, आणि लोकांना नेमका हाच ठाऊक नसतो. आम्ही लगोलग आजच्या बिघडलेल्या शीटचीही एक कॉपी काढली. बिघडलेल्या शीटमध्येही खरी माहिती असते.

तशी ती होती. बघा, सॉर्टनंतरच्या तीन दिवसांत हजेरी घेणाऱ्यानं नाव वाचलं आणि त्या नावापुढे खूण केली. म्हणजे आधीच्या सगळ्या हजेऱ्या जुन्या क्रमाप्रमाणे बरोबर, आणि शेवटच्या तीन हजेऱ्या नव्या क्रमाप्रमाणे बरोबर. नुसती नावं जुन्या जागी बसवली असती तर या तीन हजेऱ्या भलत्याच लोकांच्या नावावर गेल्या असत्या, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आमच्या पथकात ठरावीक सराव झाल्याशिवाय मिरवणुकीत ढोल मिळत नाही. कुणाचा तरी ढोल विनाकारण गेला असता.

म्हणून काम दोन टप्प्यांत केलं. जुन्या कॉपीतली टॅब, तिच्या नावाशेजारच्या बाणावरून 'कॉपी टू' आणि 'एक्झिस्टिंग स्प्रेडशीट' करून, आजच्या फाइलमध्ये आणली. एका रिकाम्या कॉलमात साधं सूत्र घातलं: या ओळीतला मोबाइल नंबर जुन्या टॅबमधल्या त्याच ओळीतल्या नंबराइतकाच आहे का? दुसऱ्या ओळीपासून १६३व्या ओळीपर्यंत, म्हणजे नव्या २४ जणांच्या आधीपर्यंत, सगळीकडे 'ट्रू' आलं. म्हणजे मधल्या काळात मोबाइलचा क्रम कुणी हलवलेला नव्हता. मग जुन्या टॅबमधली १६२ नावं उचलून कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं पेस्ट केली. या पेस्टमध्ये नुसती अक्षरं उतरतात, रंग आणि सूत्रं येत नाहीत. कुठं 'फॉल्स' आलं असतं तर सरळ पेस्ट चाललं नसतं. मग मोबाइल नंबरावरून एकेक नाव शोधून आणावं लागलं असतं. मोबाइल नंबरावरून, कारण तो दोघांचा एक नसतो.

दुसऱ्या टप्प्यात शेवटच्या तीन हजेऱ्या. त्या बिघडलेल्या शीटच्या कॉपीतून, नावावरून व्हीलुकअप करून, म्हणजे त्या नावाच्या ओळीतली माहिती शोधून आणणाऱ्या सूत्रानं, आणल्या. इथं मोबाइल चालणार नव्हता, कारण त्या कॉपीत नाव आणि हजेरी यांचीच तेवढी जोडी खरी होती. आणि इथंच एक अडचण आली. पथकात नाव-आडनाव अगदी सारखं असलेली दोन मुलं आहेत. व्हीलुकअपनं दोघांनाही पहिल्याचीच हजेरी दिली. त्या दोघांना फोन लावून विचारलं, हातानं भरलं. शेवटी दहा-बारा जणांना त्यांची पूर्ण ओळ वाचून दाखवली आणि प्रत्येकानं ब्लड ग्रुप, घरचा नंबर बरोबर असल्याचं सांगितलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

एकाच चौकटीचा प्रश्न असेल तर एवढं करायची गरज नाही. त्या चौकटीवर राइट क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' घ्या. आधी काय होतं, कुणी कधी बदललं, हे मागे मागे बघता येतं. सोसायटीच्या मेंटेनन्स शीटमध्ये 'मी पैसे भरले होते, आता शून्य कसं दिसतंय?' असा वाद निघतो तेव्हा हे फार कामाचं. पण त्यात सगळं येत नाही. ओळ किंवा कॉलम घातला-काढला, रंग बदलला, किंवा सूत्रामुळे आकडा बदलला, तर ते इथं दिसत नाही.

या कीर्दीलाही मर्यादा आहेत. जागा वाचवण्यासाठी गुगल जुन्या बारीक नोंदी अधूनमधून एकत्र करतं. कालचा दिवस टप्प्याटप्प्यानं दिसतो, गेल्या वर्षीचा दिवस एकाच गठ्ठ्यात दिसू शकतो. म्हणून शोध लवकर घ्यावा. आणि लिंक मिळेल त्याला बदल करू द्यायची सवलत ठेवली असेल, तर गुगल खात्यात न शिरता आलेल्यांचे बदल निनावी म्हणून नोंदले जातात. काय बदललं ते कळतं, कुणी बदललं ते कळत नाही.

अख्खी टॅब उडवली गेली असेल तर तीही अशीच परत येते: जुन्या आवृत्तीची कॉपी, मग 'कॉपी टू'. फक्त त्या टॅबवर अवलंबून असलेली दुसरीकडची सूत्रं तोवर मोडलेली असतात, तिथं 'रेफ'ची चूक दिसते. टॅब आणल्यानं ती आपोआप बरी होत नाहीत. ती जुन्या कॉपीत बघून पुन्हा लिहावी लागतात.

फाइलच नाहीशी झाली तर

इथं प्रश्न मालकाचा. शीट ज्यानं तयार केली तो तिचा मालक, आणि खऱ्या अर्थानं डिलीट फक्त तोच करू शकतो. बाकी कुणी 'रिमूव्ह' केलं तर ती त्याच्या नजरेआड होते, फाइल जिवंतच राहते. तेव्हा पहिला फोन मालकाला. त्यानं आपल्या ड्राइव्हचा 'ट्रॅश' उघडायचा, फाइलवर राइट क्लिक, 'रिस्टोअर'. तिथं ३० दिवस मिळतात. १३ ऑक्टोबर २०२० पूर्वी आपण स्वतः रिकामा करेपर्यंत ट्रॅश तसाच राहायचा. तेव्हापासून ३० दिवस झाले की फाइल आपोआप जाते. जुन्या सवयीनं 'ट्रॅशमध्ये आहे, बघू नंतर' म्हणणाऱ्यांचं यात नुकसान होतं.

ऑफिस किंवा कॉलेजचं खातं असेल तर आणखी एक दार आहे. ट्रॅश रिकामा झाल्यावरही २५ दिवसांच्या आत तिथला ॲडमिन फाइल परत आणू शकतो. नोकरी सोडलेल्या माणसाचं खातंच बंद केलं गेलं असेल तर ॲडमिनला ते २० दिवसांपर्यंत पुन्हा चालू करता येतं. दोन्ही मुदती लहान आहेत. आयटी विभागाला मेल करून उत्तराची वाट पाहत बसू नका, उठून जाऊन भेटा.

कधीकधी फाइल असते पण तिला घर उरत नाही. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये तुम्ही तुमची शीट ठेवली आणि त्यानं फोल्डर उडवला, असं झालं की तुमची शीट अधांतरी राहते. ड्राइव्हच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'इज', लगेच विसर्गासारखी दोन टिंबं, आणि त्याला जोडून 'अनऑर्गनाइज्ड', मग एक जागा सोडून तसंच 'ओनर', दोन टिंबं, 'मी', असं टाइप करा. घर नसलेल्या तुमच्या फाइली समोर येतात.

माहिती गुगल फॉर्ममधून येत असेल तर तुम्ही सुदैवी आहात. फॉर्मची उत्तरं फॉर्ममध्येही स्वतंत्र साठवलेली असतात, शीट ही त्यांची नक्कल. शीटमधल्या ओळी कुणी उडवल्या तरी फॉर्मच्या 'रिस्पॉन्सेस'मध्ये उत्तरं तशीच असतात. तिथल्या तीन टिंबांतून जुनी शीट 'अनलिंक' करा, नवी शीट जोडा, सगळी उत्तरं पहिल्यापासून नव्या शीटमध्ये उतरतात. सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या रक्तदान शिबिराची नोंदणी अशीच पाच मिनिटांत परत मिळाली. शीटमध्ये हातानं जोडलेले शेरे मात्र यात येत नाहीत, त्यांच्यासाठी व्हर्जन हिस्टरीच.

काही माहिती परत येत नाही, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. ट्रॅशची मुदत उलटून गेलेली वैयक्तिक खात्यातली फाइल. दोन वर्षं वापर नसल्यामुळे गुगलनं बंद केलेलं खातं; हे धोरण २०२३ पासून आहे. आणि कॉपी काढून मूळ फाइल फेकून दिली, तर मूळ फाइलचा इतिहास. शीटची कॉपी काढली की नव्या फाइलची कीर्द त्या क्षणापासून कोऱ्या पानानं सुरू होते. दर वर्षी 'नवीन वर्षाची शीट' म्हणून कॉपी करून जुनी उडवणारी मंडळं आणि सोसायट्या मी पाहिल्यात. जुनी शीट जागा खात नाही म्हटलं तरी चालेल, राहू द्या.

डेटा रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरवर इथं पैसे घालू नका. तपकीर गल्लीतला जाणकार माणूस बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून तुमचे फोटो काढून देईल, पण तुमची गुगल शीट त्या डिस्कवर कधी नव्हतीच. ड्राइव्हचं डेस्कटॉप ॲप वापरणाऱ्यांना कॉम्प्युटरवर शीटच्या नावाची एक फाइल दिसते. ती नुसता पत्ता आहे, खऱ्या शीटकडे नेणारी लिंक. ती पेन ड्राइव्हवर टाकली म्हणजे बॅकअप झाला असं समजून निर्धास्त असलेली माणसं भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं. आणि 'शीट परत आणून देतो' म्हणून पासवर्ड किंवा ओटीपी मागणाऱ्याला ते कधीही देऊ नका.

एक्सेल ऑनलाइन वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. 'रिव्ह्यू'मधल्या 'शो चेंजेस'मध्ये ६० दिवसांपर्यंतचे बदल, कुणी केले त्यासकट दिसतात. 'फाइल', 'इन्फो' इथं व्हर्जन हिस्टरी मिळते. डिलीट केलेली फाइल वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये वैयक्तिक खात्यात साधारण ३० दिवस, ऑफिस-कॉलेजच्या खात्यात ९३ दिवस राहते. तुम्ही गुगल ड्राइव्हवर एक्सेलची फाइलच चढवून ठेवली असेल तर तिला शीटसारखा लांब इतिहास नसतो. तिच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर जाऊ शकतात. 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये जाऊन महत्त्वाच्या आवृत्तीला 'कीप फॉरएव्हर' करून ठेवा.

त्या रात्री लॅपटॉप बंद करण्याआधी आणखी काही कामं उरकली. नाव, मोबाइल, ब्लड ग्रुप आणि घरचा नंबर हे कॉलम 'डेटा' मेन्यूतल्या 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'मधून दोघांच्याच हातात ठेवले. हजेरीचे कॉलम सगळ्यांना मोकळे. अक्षरानुक्रमे यादी हवी असेल त्यानं 'फिल्टर व्ह्यू' घ्यायचा, त्यात लावलेला क्रम ज्याचा त्याला दिसतो आणि मूळ शीट हलत नाही. लिंक मिळेल त्याला बदल करू देणारी सवलत बंद केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी 'डाउनलोड' करून एक्सेलची प्रत पथकाच्या पेन ड्राइव्हवर ठेवायचं एकानं अंगावर घेतलं.

एक गोष्ट मात्र राहिली. शीटची मालकी पथकातल्या एका मुलाच्या कॉलेजच्या खात्याकडे आहे आणि तो यंदा पास होऊन बाहेर पडतोय. कॉलेजच्या खात्यातून वैयक्तिक खात्याला मालकी देता येत नाही. म्हणून विसर्जनानंतर पथकाच्या स्वतःच्या खात्यात कॉपी काढायची आणि त्याचं खातं बंद व्हायच्या आत जुन्या आवृत्त्यांतल्या लागतील त्या एक्सेलमध्ये उतरवून घ्यायच्या, असं ठरलं.

मग व्हर्जन हिस्टरीत जाऊन, तीन टिंबांतून 'नेम धिस व्हर्जन' घेऊन, त्या क्षणाच्या आवृत्तीला नाव दिलं. एका शीटला अशी १५ नावं देता येतात. मुलीनं टाइप केलं: 'ओळखपत्रं छापण्याआधी, सगळं तपासलेलं'. प्रूफची नवी फाइल रात्री बाराला प्रेसवाल्यांना गेली. सकाळी दहाला त्यांचा फोन आला, दुपारी चारनंतर कार्डं घेऊन जा म्हणून.